झोपेचा उलटा लिलाव

लासलगावला कांद्याचा लिलाव पुकारतात तेव्हा आकडा वर चढत जातो. नाशिकला आमच्या रविवारच्या मिसळीच्या टेबलावर मात्र एक लिलाव असा चालतो की त्यात आकडा खाली उतरतो. पापड मोडता मोडता कुणीतरी सहज म्हणतं, "काल जेमतेम पाच तास झोप झाली." लगेच समोरून येतं, "पाच? मजा आहे भो तुझी! मी साडेतीनला आडवा झालो आणि सातला क्लायंटचा फोन." तिसरा तोवर रस्सा मागवतो, दोन घास खातो आणि मग "मला तर विचारूच नका" असं म्हणतो, म्हणजे आता विचारणं भागच. तो आठवडाभर तीन-तीन तासांवर आहे. त्याच्या खाली उतरायची कुणाची छाती होत नाही आणि लिलाव त्याच्या नावावर सुटतो.

मागे आमच्यातल्या एकीने भाबडेपणाने सांगितलं, की ती शनिवारी रात्री दहाला झोपली ती सकाळी सातला उठली. टेबल गप्प. मग कुणीतरी काळजीने विचारलं, "बरं नव्हतं का गं?"

ही सगळी खाऊनपिऊन सुखी माणसं आहेत. कुणी बँकेत, कुणी आयटीत, एकाचा कॉलेज रोडला क्लास आहे, एक जण बांधकामात. रात्र जागवल्यावाचून यांच्या घरची चूल पेटणार नाही, अशी कुणाचीच अवस्था नाही. आणि त्यांतले दोघं रात्री दीड वाजता काय करत होते हे मला ठाऊक आहे, कारण त्याच वेळी ते आमच्या ग्रुपवर जुन्या मॅचच्या क्लिपा टाकत होते.

ऐकताना ही तक्रार वाटते. पण तक्रार करणाऱ्याला उपाय हवा असतो. इथे "मग आज दुपारी ताणून दे ना" असं म्हणून बघा, समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला झोप नकोच असते, त्याला "बाप रे!" हवं असतं. ज्याला खरोखर झोप लागत नाही, रात्रभर कूस बदलत जो पंख्याकडे बघत पडतो, तो माणूस चारचौघांत आकडा सांगत नाही. तो गोळीची चिठ्ठी पाकिटात घडी घालून ठेवतो आणि केमिस्टकडे गर्दी कमी व्हायची वाट बघतो.

या लिलावाची सकाळची शाखाही आहे. तिचे सभासद बहुतेक साठीच्या पुढचे. पहाटे चार वाजून काही मिनिटांनी सूर्योदयाचं चित्र आणि खाली सुविचार. सूर्य उगवायला अजून दोन तास असतात, पण पाठवल्याची वेळ कोपऱ्यात उमटते ना, सगळं त्यासाठी. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर यातले काही जण भेटतात आणि "आज उशीर झाला तुम्हाला" असं सव्वासहाला म्हणतात. 'लवकर निजे, लवकर उठे' यातलं पहिलं निम्मं आपण कधीच गाळलंय. एक काका तर "या निशा सर्वभूतानाम्" म्हणून दाखवतात, सगळे झोपलेले असतात तेव्हा संयमी माणूस जागा असतो. त्याच गीतेच्या सहाव्या अध्यायात, फार झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि फार जागणाऱ्यालाही साधत नाही, असं स्वच्छ सांगितलंय. पण दुसऱ्या अध्यायापुढे वाचायला त्यांना जाग राहत नसावी.

आपल्याकडे सोडण्याला मान आहे, हे याच्या मुळाशी असावं असं मला पुष्कळ दिवस वाटत आलंय. साबुदाण्याच्या एकादशीपेक्षा निर्जळी एकादशी दोन पायऱ्या वर. जे सोडणं जितकं अवघड, तितकं सांगायला गोड. मध्यमवर्गाला आता भूक मिरवता येत नाही, गरिबी मिरवायची ती फक्त आजोबांची. मग स्वतःची म्हणावी अशी उरली ती झोपच. पण खरा जागर कसा करायचा हे आपल्या गावांना नीट ठाऊक होतं. अखंड हरिनाम सप्ताह जिथे बसतो तिथे जाऊन बघा. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही हा नेम. म्हणून काय एकच माणूस सात दिवस ती धरून उभा राहतो? पहाऱ्यांची यादी भिंतीला चिकटवलेली असते. दोन-तीन तासांनी दुसरा येतो, पहिल्याच्या गळ्यातून वीणा काढून आपल्या गळ्यात घालतो, आणि पहिला घरी जाऊन घोरत पडतो. अखंड असते ती वीणा. माणसाने अखंड असावं अशी देवाचीही अपेक्षा नाही.

माझं लहानपण सिडकोत गेलं, दोन खोल्यांच्या बैठ्या घरात. अण्णा अंबडच्या एका कारखान्यात होते आणि पाळ्या आठवड्याला बदलायच्या: फर्स्ट, सेकंड, थर्ड. आमच्या घराचं पंचांग तेच होतं. थर्डचा आठवडा आला की सकाळी साडेसातला अण्णा यायचे, अंघोळ करून पोळी-भाजी खायचे आणि आतल्या खोलीत जायचे. आई खिडकीला जाड सोलापुरी चादर लावायची, दोन खिळे त्यासाठी कायमचे ठोकलेले होते. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळायची, म्हणजे कुणी वाजवली तरी खणखणाट नको. त्या आठवड्यात आमच्याकडे कुकर लागायचा नाही. भात पातेल्यात, डाळ पातेल्यात, आणि तेही आई स्टोव्हचा आवाजही नको म्हणून मागच्या मोरीत बसून शिजवायची. भंगारवाला गल्लीच्या तोंडाशी आला की आई पदर सावरत पुढे जाऊन त्याला हाताने खुणा करायची. तो गल्लीत शिरायचा, पण आमच्या दारावरून मुका जायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा भावंडांना तर घरात बसायची बंदीच. आम्ही शेजारच्या जिन्याखाली पत्ते खेळायचो, तेही कुजबुजत भांडून.

एवढं करूनही अण्णांची झोप तुकड्यातुकड्यांची. नऊला लागली की बाराला मोडायची. दुपारी पुन्हा तासभर. याचं कारण मला फार पुढे कळलं. शरीराचं घड्याळ उजेडावर लावलेलं असतं आणि चादर कितीही जाड असली तरी ते घड्याळ फसत नाही. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तुटपुंजीच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' अशा गटात टाकलं. आईला यातलं काही माहीत नव्हतं, पण रात्रपाळी माणसाला आतून खाते हे तिला दिसत होतं.

आता मला सांगायचंय ते हे. त्या घरात झोप न झाल्याचं कौतुक कुणी कधी केलं नाही. अण्णा उठून बाहेर आले आणि म्हणाले, "आज एकदम दीडपर्यंत लागली," की आईचा चेहरा खुलायचा. संध्याकाळी नळावर ती शेजारणीला सांगायची, "ह्यांना आज सलग लागली हो." शेजारीण म्हणायची, "नशीब! आमच्याकडे तर बाजूला बोअरिंगचं काम चाललंय." त्या गल्लीत निम्म्या घरांत पाळ्या होत्या आणि तिथे मिरवायची ती झालेली झोप. रात्रभर जागणं हे ज्याच्या वाट्याला नोकरीतच आलंय, त्याला ते सांगण्यात काय राम? पगारपत्रकावर रात्रपाळीचा भत्ता लिहिलेला असायचाच.

अण्णांच्या खात्यात एकाचं बोट प्रेसवर गेलं. आम्ही लहान होतो, आम्हाला फारसं कुणी सांगितलं नाही. पण अण्णांचं त्यावरचं एक वाक्य आठवतं. ते म्हणाले, "चारची वेळ वाईट." एवढंच. रात्री बाराला माणूस ताजा असतो, दोनला चहा येतो, सहाला उजाडायला लागतं. मधली तीन ते पाच ही वेळ सगळ्या पाळीवाल्यांना ठाऊक असते. त्या वेळी अंगाचं तापमान सगळ्यात खाली उतरलेलं असतं आणि डोळे उघडे असूनही माणूस जागेवर नसतो. दोनच्या चहाचीही एक गंमत आहे. जागेपणी दिवसभर मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि झोपेचा दाब वाढवतं. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. दाब कमी होत नाही, फक्त कळायचा थांबतो. कॅफिन उतरलं की साचलेलं सगळं एकदम अंगावर येतं.

नाशिकची रात्र म्हटलं तर फार जागी असते. संध्याकाळी बाजार समितीत पालेभाज्यांचा लिलाव उरकला की कोथिंबीर-मेथीच्या गाड्या मुंबईची वाट धरतात आणि आपण दुसऱ्या कुशीवर वळतो तेव्हा त्या कसारा घाट उतरत असतात. निफाडकडे कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टर आदल्या रात्रीच बाजाराबाहेर नंबर लावून उभे असतात आणि शेतकरी ट्रॉलीवर, कांद्यावरच गोणपाट टाकून आडवा होतो. भुकेला कोंडा, निजेला धोंडा ही म्हण अशाच कुणीतरी केली असणार.

माझा मामेभाऊ निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली गेला की त्याच्या घरी रात्र उरत नाही. थंडीने मण्यांची फुगवण थांबते, उतरत आलेल्या मालाला तडे जातात. मग बागेत जागोजाग शेकोट्या पेटवायच्या, धूर धरायचा, ठिबक चालू करायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. हे सगळं पहाटे, आणि वीज असेल तर. शेतीपंपाला थ्री फेज लाईट आठवडा दिवसा, आठवडा रात्री अशी पाळीने मिळायची. रात्रीची पाळी आली की अंधारात बारं द्यायला जायचं, आणि उसाच्या कडेने बिबट्या निघाला तर हातात बॅटरी आणि तोंडात हाळी. 'दिवसा लाईट द्या' ही मागणी शेतकऱ्यांनी किती मोर्च्यांत केली असेल! २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना निघाली ती त्याच मागणीतून. झोपायला मिळावं म्हणून मोर्चा काढणारा वर्ग मला दुसरा माहीत नाही.

अशाच एका थंडीच्या आठवड्यानंतर तो आमच्याकडे आला होता, डोळे लाल. मी विचारलं, "किती तास झोप झाली रे आठवड्यात?" तो म्हणाला, "कोणाला माहीत, ताई. वरचा प्लॉट वाचला, खालच्यात थोडे तडे गेले." मी पुन्हा विचारलं, तरी तो प्लॉटबद्दलच बोलत राहिला. तेव्हा मला मिसळीच्या टेबलाचा उलगडा झाला. ज्याच्या जागण्यातून काही निघालंय, तो निघालेलं मोजतो. तास मोजायची वेळ येते ती त्याच्या पदरात दुसरं काही नसलं की.

पण हा माझा नियम ड्रायव्हर लोकांनी मोडून काढला, हेही सांगायला हवं. "एका रात्रीत नागपूर मारलं," "इंदूरला जाऊन आलो, डोळा नाही मिटला," हे इथल्या द्वारका चौकातल्या टपरीवर कुठल्याही रात्री ऐकू येतं, आणि तिथे कुणाला कमी काम आहे असं म्हणता येणार नाही. मी एकदा एका ओळखीच्या टुरिस्ट गाडीवाल्याला विचारलं, हे का सांगता? तो हसला. म्हणाला, "मॅडम, शेठसमोर असंच सांगावं लागतं. झोपलो म्हटलं तर पुढची ट्रिप दुसऱ्याला." म्हणजे ही फुशारकी हा बायोडाटा आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस असं लिहिलेलं होतं. टपरीवर तो कुणी वाचलेला नाही आणि शेठने वाचला असला तरी तो सांगणार नाही. त्या फुशारकीचा मला राग येत नाही. ती विकत घेणाऱ्याचा येतो.

आणि ती फार स्वस्तात विकली जाते. ताशी ऐंशीच्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळपास नव्वद मीटर गाडी कुणीच चालवत नाही. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढासळतो. आपल्या कायद्यात मर्यादा ०.०३ आहे. पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहाला गाडी घेऊन निघाला की झाले सतरा तास. त्याला मुंबई नाक्यावर अडवून तोंडाशी यंत्र धरलं तर ते काही दाखवणार नाही. उलट तोच खाली काच करून सांगेल, "साहेब, पहाटेपासून गाडीवर आहे," आणि साहेब म्हणतील, "जा."

सगळ्यात प्रसिद्ध जागरण केलं ते मात्र एका शाळकरी मुलाने. अमेरिकेतल्या सॅन दिएगोचा रँडी गार्डनर, वय सतरा. डिसेंबर १९६३ च्या अखेरीस विज्ञान प्रदर्शनासाठी म्हणून जागायला लागला तो १९६४ च्या जानेवारीत थांबला: २६४ तास, अकरा दिवस. झोपेवर संशोधन करणारे स्टॅनफर्डचे विल्यम डिमेंट ही बातमी वाचून तिथे येऊन थांबले. शेवटी शेवटी त्याला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. तो पासष्टपर्यंत आला आणि गप्प झाला. का थांबलास? तर, आपण काय करत होतो तेच आठवत नाही म्हणाला. गिनीज बुकाने पुढे हा विक्रम नोंदवणंच बंद केलं, कारण कुणाचा तरी जीव जायचा. उतारवयात गार्डनरलाच निद्रानाशाने गाठलं.

पण माझ्या दृष्टीने जास्त बोलका प्रयोग दुसरा आहे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला, २००३ साली छापून आलेला. निरोगी माणसांना दोन आठवडे रोज ठरलेलीच झोप दिली. कुणाला चार तास, कुणाला सहा, कुणाला आठ. सहा आणि चारवाले दिवसागणिक घसरत गेले, आणि दोन आठवड्यांच्या शेवटी काही चाचण्यांत त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांसारखी झाली. खरी मेख पुढे आहे. त्यांना रोज विचारत होते, झोप येतेय का? सुरुवातीच्या काही दिवसांनंतर त्यांचं उत्तर फारसं बदललंच नाही. थोडी येते, म्हणत. काम बिघडत होतं आणि त्यांना आपण ठीक आहोत असं वाटत होतं. "मला चार तास पुरतात" हे वाक्य याच मेंदूतून येतं. चाचणी नापास आणि गुण देणाराही तोच.

कमी झोपेवर खरोखर ताजी राहणारी माणसं असतात, नाही असं नाही. २००९ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना अशा एका मायलेकीत जनुकातला दुर्मीळ बदल सापडला. त्या दोघी सरासरी सव्वासहा तास झोपायच्या. आमच्या टेबलावरच्या तीन तासांपुढे त्या बिचाऱ्या आळशीच. आणि ज्यांचं नाव या बाबतीत सगळ्यात आधी घेतात त्या एडिसनसाहेबांची खाट अमेरिकेतल्या वेस्ट ऑरेंजच्या त्यांच्या ग्रंथालयात आजही बघायला मिळते. रात्री चार-पाच तास म्हणून सांगायचे आणि दिवसा तिथे आडवे व्हायचे. सांगताना तेवढं राहून जायचं.

माझी भाची मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात रेसिडेंट डॉक्टर आहे. पहिल्या वर्षी ती छत्तीस तासांच्या ड्युटीनंतरचे फोटो पाठवायची, डोळ्यांखाली काळं, दोन बोटं वर, खाली 'स्टिल स्टँडिंग'. आम्ही सगळे अंगठे आणि हृदयं टाकायचो. मग हळूहळू फोटो यायचे थांबले. गेल्या दिवाळीत ती आली आणि भाऊबीजेच्या ताटावरच पेंगायला लागली. मी विचारलं, एवढी ड्युटी लावतात कशी? ती म्हणाली, "मावशी, सरांनी केली, सीनियरनी केली, म्हणून आम्ही. मग आम्ही ज्युनियरना लावणार." केंद्र सरकारचे निर्देश १९९२ चे आहेत, रेसिडेंटची सलग ड्युटी साधारणपणे बारा तासांपेक्षा जास्त नसावी म्हणून. हे तिलाही माहीत होतं. पण वॉर्डात तसं बोलणाऱ्याला काय म्हणतात तेही माहीत होतं. ज्याने सोसलं त्याच्याजवळ सोसण्याचं दुसरं काही फळ नसतं. मग तो ते सोसणं हीच पात्रता ठरवतो, आणि पुढच्याने सोसलं नाही तर आपलं फुकट गेलं असं त्याला वाटतं. आमच्या टेबलावरचे लोक नुसते हसण्यावारी नेता येतात. इथे नेता येत नाही, कारण पहाटे चारला कुणाच्या तरी आईला टाके घालायचे असतात.

पंचवटी एक्स्प्रेसचे पासधारक बघा, त्यांचं बरं असतं. सकाळी सातच्या सुमाराला नाशिक रोड, त्याआधी घरून निघणं, रात्री उशिरा परत. नवीन पास काढलेला माणूस पहिल्या महिन्यात "रोज साडेचारला उठतो" असं सांगत सुटतो. जुना मुरलेला सांगतो ते वेगळं: "इगतपुरी गेली की मी जातो, कल्याणला उठतो." घाट कधी आला कधी गेला त्याला कळत नाही. आणि हे तो अभिमानाने सांगतो. सिडकोतल्या आमच्या नळावरचा अभिमान, तोच.

पंचवटीवरून आठवण झाली. तिथे माझी आत्या राहायची, जुन्या वाड्यात. लक्ष्मण आणि झोप ही गोष्ट मला तिने सांगितली. वनवासातली चौदा वर्षं लक्ष्मण झोपलाच नाही. इथेच, पंचवटीत, तो पर्णकुटीबाहेर पहारा देत बसायचा. निद्रादेवी आली तेव्हा तो तिला म्हणाला, माझ्या वाटची झोप अयोध्येत उर्मिलेला दे. वाल्मीकि रामायणात ही कथा नाही, लोककथांतली आहे. तपोवनात लक्ष्मणाचं देऊळ आहे, लोक त्याच्या जागण्याला हात जोडतात. आत्याला मात्र प्रश्न पडायचा तो उर्मिलेचा. "चौदा वर्षं झोपली म्हणून तिला नावं ठेवणारे असतीलच," ती म्हणायची, "पण कुणीतरी झोपलं म्हणून तो जागू शकला, हे कोण बोलतो?"

आत्या स्वतः मात्र या बाबतीत कट्टर होती. "मी दुपारची कधी पाठ टेकली नाही," हे तिचं ब्रीद. आमच्या घराण्यातल्या सगळ्या बायकांचं ते ब्रीद होतं. पुरुषांनी रात्रीचे तास सांगायचे, बायकांनी दुपार. सून दुपारी वीस मिनिटं आडवी झाली तर पुढच्या पिढीपर्यंत ते पोचायचं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून रात्री सगळ्यांच्या मागून झोपणाऱ्या बाईची झोप कुणी मोजलीच नाही. मग निदान दुपारी न झोपल्याचं श्रेय तरी तिने का सोडावं? तिच्या फुशारकीला हसताना माझी जीभ जरा अडखळते. माझ्या आईचंच बघा. थर्डच्या आठवड्यात अण्णांची झोप तिने राखली. ती स्वतः तेव्हा कधी झोपायची, हे मला आजही सांगता येणार नाही.

२०१५ च्या सिंहस्थात, शाहीस्नानाच्या आदल्या दिवशी, आत्याच्या वाड्याच्या तोंडाशी एका पोलिसाचा पॉइंट होता. विदर्भातून आलेला, पंचविशीतला पोरगा. पाऊस पडून गेला होता, बॅरिकेड लावून झाले होते, गर्दी अजून व्हायची होती. दुपारी तो दारात आला आणि म्हणाला, "आजी, अर्धा तास ओट्यावर पडू का? साहेब आले तर हाक मारा." कालच्या रात्रीपासून तो उभाच होता. आत्याने ओट्यावर सतरंजी घातली, आतून उशी आणली, आणि त्याचे बूट वाटेत नकोत म्हणून उचलून जिन्याखाली ठेवले. मग स्वतः दारात पाटावर बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला बोट ओठावर ठेवून गप्प करायची. शेजारच्या बाई म्हणाल्या, अहो, अर्धा तास होऊन गेला. आत्या म्हणाली, "तुम्हाला काय घाई आहे?" साहेब आले नाहीत. तो दोन तासांनी आपणच धडपडून उठला आणि आधी बूट शोधायला लागला.

आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते, पूल, घाट, वाहनतळ, याद्या पेपरात सारख्या येत असतात. बंदोबस्ताच्या माणसांना शाळांत आणि मंगल कार्यालयांत उतरवतात हे मला माहीत आहे. पॉइंटवरच्या माणसाला किती तासांनी कोण सोडवायला येणार, ते कुठे छापलंय का, एवढंच मी त्या याद्यांत बघत असते.